पुढची चिप की यंदाचा पावसाळा? किनाऱ्यावरच्या घरासाठी डेस्कटॉप आणि लॅपटॉप

तारकर्लीला माझ्या आतेभावाचा चार खोल्यांचा होमस्टे आहे. बुकिंगच्या टेबलावरचा त्याचा संगणक नऊ वर्षांचा. तो विंडोज 11 घेत नाही आणि विंडोज 10 ची नेहमीची सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला बंद झाली. नोंदणी करून मिळणारी घरगुती वापराची वाढीव मुदतही 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतचीच. त्यात मुलगी जुलैत शिकायला पुण्याला जाणार. म्हणजे एकाच घरात दोन खरेद्या: एक टेबलावरची, एक पाठीवरच्या बॅगेतली.

पुण्यात आयटीत असलेला त्याचा मेहुणा म्हणतो, थांबा, वर्षाअखेरीस चिपची नवीन पिढी येतेय. आतेभाऊ मला म्हणाला, "माका ह्यातला काय कळना नाय, तूच काय ता सांग." तेव्हा सांगतो.

मेहुण्याचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. इंटेलने जानेवारी 2026 मध्ये लॅपटॉपसाठी कोअर अल्ट्रा सिरीज 3 आणली, डेस्कटॉपसाठीची नोव्हा लेक वर्षाअखेरीस आणू असंही सांगून ठेवलंय. क्वालकॉमची स्नॅपड्रॅगन एक्स 2 सप्टेंबर 2025 मध्ये जाहीर झाली. ॲपलची एम 5 ऑक्टोबर 2025 पासून बाजारात आहे. लॅपटॉपच्या बाबतीत या सगळ्यांतून खरा फायदा दिसतो तो बॅटरीचा. एका चार्जवर दिवसभर काम, हे आता जाहिरातीपुरतं राहिलेलं नाही. डेस्कटॉपला मात्र बॅटरीच नाही. बुकिंग, जीएसटीची बिलं आणि यूट्यूब एवढ्यासाठी चार वर्षांपूर्वीची चिपसुद्धा जास्तच होते.

पण थांबण्याचं जुनं गणित असं होतं की नवीन आलं की आधीचं स्वस्त होतं. हे गणित सध्या फिसकटलंय, आणि ते चिपमुळे नव्हे, रॅममुळे. एआयच्या डेटा सेंटरना मेमरी इतकी लागते की कारखान्यांनी आपली क्षमता तिकडे वळवली. 2025 च्या शेवटच्या महिन्यांत रॅमचे भाव भराभर चढले. मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने तर डिसेंबर 2025 मध्ये 'क्रुशियल' हा आपला किरकोळ ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. मेमरीचे नवे कारखाने उभे राहायला वर्षं लागतात. म्हणून दिवाळीपर्यंत थांबलो तर स्वस्त मिळेल, या आशेवर मी तरी कोणाला थांबवणार नाही. (सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी उतरला तो बत्तीस इंचांवरच्या मॉनिटरवर, 28 वरून 18 टक्क्यांवर. लॅपटॉप आधीपासूनच 18 टक्क्यांत होते, त्यामुळे त्या बातमीने त्यांच्या किमतीत काही फरक पडला नाही.)

एआय पीसीचं स्टिकर? मायक्रोसॉफ्टच्या 'कोपायलट प्लस' नावाला एनपीयू (चिपमधला एआयची आकडेमोड करणारा भाग) किमान 40 टॉप्सचा (हे त्याच्या वेगाचं माप), रॅम 16 जीबी आणि 256 जीबी साठवण लागते. या नावाखाली मिळणाऱ्या सोयी थोड्या, आणि आपण ज्याला रोज एआय म्हणतो ते बहुतेक ब्राउझरमधून दूरच्या सर्व्हरवर चालतं. तिथे तुमच्या एनपीयूला कोणी विचारत नाही. गंमत म्हणजे इंटेलच्या 2024 च्या डेस्कटॉप चिपमधला एनपीयू 13 टॉप्सचा होता आणि त्यावाचून कोणाचं काही अडलं नाही. स्टिकरसाठी वेगळे पैसे देऊ नका. त्याबरोबर येणारी 16 जीबी रॅम मात्र घ्याच, 8 वर आता भागत नाही.

आता किनाऱ्याचं. पुण्याच्या मेहुण्याला हे माहीत असण्याचं कारण नाही.

मीठ हवेतून ओलावा ओढतं आणि आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की स्वतः विरघळू लागतं. मृग लागल्यापासून गणपतीपर्यंत आपल्याकडची हवा बहुतेक त्या रेषेच्या वरच असते. डेस्कटॉपचा पंखा हीच खारी हवा आत ओढतो, धुळीवर मीठ बसतं, आणि रात्री यंत्र थंड पडलं की त्याचा ओला लेप होतो. माझ्या जुन्या कॅबिनेटचे स्क्रू दोन पावसाळ्यांत असे गंजले की उघडायला पकड लागली. दर श्रावणात संगणक सुरू व्हायचा नाही, मग रॅम काढायची, पट्टी खोडरबरने घासायची, परत बसवायची, की चालू. इथल्या निम्म्या घरांत हा विधी माहीत आहे.

लॅपटॉपही तीच हवा खातो. माझा एक लॅपटॉप समुद्रापासून दोनशे मीटरवर तीन वर्षं टिकला, मग मदरबोर्डवर हिरवट थर आला. कोल्हापूरच्या दुरुस्तीवाल्याने बोर्ड दाखवला आणि नुसती मान हलवली. ओलाव्याने आलेला गंज वॉरंटीत साधारणपणे धरत नाहीत, हे तेव्हा कळलं. 'मिलिटरी ग्रेड' छाप पाहूनही फार हुरळू नका. त्या छापामागच्या लष्करी मानकातल्या कोणत्या चाचण्या करायच्या हे कंपनीच ठरवते आणि खाऱ्या धुक्याची चाचणी त्यांत असेलच असं नाही.

यात एक उलटी गोष्ट आहे. बोर्डावरच डाखलेली रॅम लॅपटॉपचा दोष मानतात, कारण ती पुढे वाढवता येत नाही. पण खाऱ्या हवेत तिला खोबणच नसल्याने खोडरबरचा विधीही टळतो. मॅकबुक एअरला तर पंखाच नाही, त्यामुळे हवा ओढून घेण्याचा प्रश्नच कमी. फक्त बोर्ड गेला की सगळं एकदम जातं. डेस्कटॉपचं तसं नाही. एसएमपीएस (आतला वीज पुरवणारा डबा) गेला तर तेवढाच बदला, तो मालवण-कुडाळात मिळतो आणि बसवणाराही मिळतो. डाखलेली रॅम घेणार असाल तर पहिल्याच दिवशी पुरेशी घ्या, एवढंच.

दुसरी बाब लाइटची. निसर्ग वादळ 3 जून 2020 ला श्रीवर्धनजवळ धडकलं तेव्हा दापोली-मंडणगडकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. मे 2021 मध्ये तौक्ते आमच्या किनाऱ्यालगत गेलं, तेव्हा इकडेही अंधारच. असं वादळ रोज येत नाही, पण झाडाची फांदी तारेवर रोज पडते. साध्या डेस्कटॉपला मॉनिटरसकट शंभरेक वॅट लागतात. 600 व्हीएचा यूपीएस त्याला दहा-पंधरा मिनिटं धरतो, म्हणजे फाइल सेव्ह करून बंद करण्यापुरता. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहे आणि चार्जरवर 100 ते 240 व्होल्ट छापलेलं असतं, त्यामुळे संध्याकाळी व्होल्टेज पडलं तरी तो कुरकुरत नाही. इथे लॅपटॉप सरळ जिंकतो.

म्हणून आतेभावाच्या टेबलासाठी मी मधला मार्ग काढला: मिनी पीसी. आत चिप लॅपटॉपची, बाहेर लॅपटॉपसारखाच अडॅप्टर, आणि बुकिंगसारख्या हलक्या कामाला वीस-तीस वॅट. घरच्या इन्व्हर्टरवर मॉनिटरसकट दोन-तीन तास सहज निघतात. इन्व्हर्टर मात्र शुद्ध साइन वेव्हचा हवा. रॅम खोबणीतली असलेलंच मॉडेल निवडायचं; खोडरबर लागेल, पण रॅम गेली तर तेवढीच बदलता येते. तो मॉनिटरच्या पाठीमागे स्क्रूने बसतो, जमिनीवर काही राहत नाही. 22 जुलै 2021 ला चिपळूणच्या पुरात तळमजल्यावरच्या दुकानांत पाणी शिरलं, ते पाहिल्यापासून मी कोणालाच कॅबिनेट जमिनीवर ठेवू देत नाही.

मोठा टॉवर कोणी घ्यावा? लग्नाचे व्हिडिओ कापणाऱ्याने आणि गेम खेळणाऱ्याने. त्यांच्यासाठी एएमडीचं एएम 5 सॉकेट (बोर्डावरची चिप बसवायची जागा) शहाणपणाचं, कारण कंपनीने 2027 पर्यंत आणि पुढेही त्याला साथ देऊ म्हटलंय, म्हणजे पुढची चिप याच बोर्डावर बसवता येईल. थांबण्याचा मोह इथेच आपोआप मिटतो.

मुलीला लॅपटॉपच. चौदा इंच, 16 जीबी, यूएसबी-सीने चार्ज होणारा, यंदाच्या नाहीतर गेल्या वर्षीच्या चिपचा. स्नॅपड्रॅगनवाला तिला चालेल, पण आधी कॉलेजची सॉफ्टवेअर यादी बघून. आतेभावाला मी तो घेऊ देणार नाही. त्याचा जुना प्रिंटर आणि डिजिटल सहीचं यूएसबी टोकन यांना आर्मसाठी, म्हणजे स्नॅपड्रॅगनच्या इंटेलहून वेगळ्या रचनेसाठी, वेगळे ड्रायव्हर (यंत्र विंडोजशी जोडणारी सॉफ्टवेअर) लागतात. इंटेलच्या चिपसाठी लिहिलेली नेहमीची सॉफ्टवेअर आर्मच्या विंडोजवर बहुतेक रूपांतर होऊन चालतात, ड्रायव्हरना ती सोय नाही.

मेहुण्याला फोनवर हे सगळं ऐकवलं. तो म्हणाला, वर्षाअखेरीस पस्तावाल. आतेभावाने मध्येच फोन घेतला आणि विचारलं, "तोपर्यंत बुकिंगा खंय लिवू, वहीत?" पेटी मे संपायच्या आत कणकवलीहून उचलायची ठरलीय. खिडकीसमोरची जागा सोडून टेबल माजघराच्या भिंतीला सरकवायचं काम त्याने आधीच उरकलंय.