नमुना विधेयकांची पेटी: नववी ‘ब’मध्ये दोन महिने वापरल्यावर

जूनमध्ये शाळेसाठी नकाशे आणायला अप्पा बळवंत चौकात गेले होते. एका दुकानाच्या काउंटरवर खाकी पुठ्ठ्याची पेटी दिसली, वर छापलेलं: ‘माध्यमिक शाळांसाठी नमुना विधेयके’. किंमत ६५० रुपये. पर्वती पायथ्याजवळच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी २२ वर्षं इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवते, त्यामुळे हात आपोआप तिकडे गेला. दुकानदाराने पेटी उघडून दिली. पहिलंच विधेयक शाळेतल्या मोबाइलवर होतं. त्याचा तिसरा खंड वाचला: ‘मुख्याध्यापक, भ्रमणध्वनी जमा केल्यापासून २४ तासांच्या आत विद्यार्थ्याच्या पालकास लेखी कळवील.’ मी तिथेच पैसे दिले.

कारण सांगते. आमच्या पुण्यात वक्तृत्वाची हौस मोठी. दरवर्षी निदान दहा स्पर्धांची पत्रकं शाळेत येतात आणि विषय ठरलेले असतात. ‘मोबाइल : शाप की वरदान’ हा त्यांतला कायमचा. मुलं घरून भाषण पाठ करून येतात, हात कुठे उंचवायचा तेही आईने सांगितलेलं असतं. मी स्वतः अशी भाषणं शेकड्यांनी बसवून घेतली आहेत. पण ‘२४ तासांच्या आत लेखी कळवील’ या वाक्यावर पाठ केलेलं भाषण चालत नाही. तिथे विचारावं लागतं की शनिवारी फोन जमा केला तर काय? मुख्याध्यापकांनी कळवलंच नाही तर काय? आणि पालकाला वाचता येत नसेल तर? हे तिन्ही प्रश्न आमच्या वर्गात पहिल्या दहा मिनिटांत आले. तिसरा विचारणाऱ्या मुलीची आई धुण्याभांड्याची कामं करते. ती मुलगी वर्गात क्वचितच बोलते.

वर्गाने कायदेमंडळ होऊन वाद घालायचा, त्यासाठी पेटीत सहा विधेयकं आहेत, प्रत्येकी दोन ते चार पानांची आणि प्रत्येकाच्या १२ प्रती. शिवाय भूमिकांची कार्डं, अध्यक्षांनी वाचायचा मजकूर, मतविभागणीच्या चिठ्ठ्या आणि शिक्षकांसाठी पुस्तिका. विधेयकांचा साचा खराखुरा आहे. आधी नाव, मग व्याख्या, मग मुख्य तरतुदी, शिक्षा, नियम करण्याचा अधिकार आणि शेवटी ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’. विधेयक असतं तोवर ‘खंड’ आणि कायदा झाला की ‘कलम’, हा फरकसुद्धा नीट पाळला आहे. तेवढ्यावरून कळलं की करणाऱ्यांनी विधिमंडळाची कागदपत्रं हाताळलेली आहेत.

आठवीला संसदेच्या धड्यात विधेयकाची तीन वाचनं, म्हणजे मंजुरीचे तीन टप्पे, येतात. मुलं ती पाठ करतात आणि विसरतात. या पेटीत दुसऱ्या वाचनावरच सगळा जोर आहे, म्हणजे एकेक खंड घ्यायचा, दुरुस्ती सुचवायची, तिच्यावर मत घ्यायचं आणि मगच पुढे जायचं.

सगळ्यात रंगलं ते उत्सवातल्या आवाजाचं विधेयक. जुलैचा शेवट होता, संध्याकाळी नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू झाले होते. अर्ध्या वर्गाचं कुणी ना कुणी पथकात आहे. विधेयकाचं म्हणणं थोडक्यात असं: सार्वजनिक उत्सवात रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, आणि मर्यादा ओलांडली तर ‘पोलीस अधिकाऱ्यास ध्वनिक्षेपक जप्त करता येईल’. आजचे नियम पुस्तिकेत दिले आहेत आणि ते बरोबर आहेत. केंद्राच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा, रात्र म्हणजे दहा ते सहा. रुग्णालयं, शाळा आणि न्यायालयांभोवती १०० मीटरचं शांतता क्षेत्र. राज्य सरकारला वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस रात्री बारापर्यंत सवलत देता येते. मुलांना हे आकडे नवे होते. अनंत चतुर्दशीची सवलत कुठून येते, हे बहुतेकांना त्या दिवशी कळलं.

पहिली अर्धी तासिका अपेक्षेप्रमाणे गेली. परंपरा, भक्ती, आजारी माणसं. मग ज्याचा मोठा भाऊ ताशा वाजवतो तो मुलगा उठला आणि म्हणाला, “बाई, व्याख्या वाचा. ध्वनिक्षेपक म्हणजे विजेवर चालणारं उपकरण. ढोल यात बसतच नाही.” वर्ग गप्प झाला. सगळ्यांनी पान उलटलं. खरंच, दुसऱ्या खंडातली व्याख्या तशीच होती. चाळीस ढोल रात्री एक वाजता वाजले तरी या विधेयकाने कुणालाही हात लावता येत नव्हता. त्याने हे ढोलाच्या बाजूने मांडलं. लगेच लक्ष्मी रस्त्याजवळ राहणारी मुलगी उभी राहिली. तिच्या आजीच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली आहे आणि विसर्जनाच्या रात्री ते सगळे कोथरूडला मामाकडे जाऊन राहतात. तिने दुरुस्ती मांडली: व्याख्येत ‘विजेवर चालणारे’ ऐवजी ‘कोणत्याही साधनाने निर्माण केलेला आवाज’. त्यावर तिसऱ्याने विचारलं, मग मंदिरातली घंटा? लग्नाचा बँड? पहाटेची अजान? फटाके? एका व्याख्येवर पूर्ण दोन तासिका गेल्या आणि मी जाऊ दिल्या. २२ वर्षांत नागरिकशास्त्राच्या तासाला मुलं एखाद्या शब्दावर इतकी भांडलेली मी पाहिली नव्हती.

मग मुलं ‘करता येईल’वर आली. पुस्तिकेत यावर अर्धं पान आहे आणि माझ्या मते या सगळ्या पेटीतलं ते सर्वांत मोलाचं पान आहे. ‘पोलीस अधिकारी जप्त करील’ म्हटलं तर ते त्याचं कर्तव्य झालं. ‘जप्त करता येईल’ म्हटलं तर ते त्याच्यावर सोडलं. मराठीत क्रियापदाचं एक रूप बदललं की कुणाच्या मंडळाचा स्पीकर उचलला जाईल आणि कुणाचा नाही, हे बदलतं. मुलांना हे उदाहरणाने सांगावंच लागलं नाही. एकजण म्हणाला, “मोठ्या मंडळाला येईल आणि आमच्या मंडळाला करील.” दुसरी म्हणाली की ‘करील’ लिहिलं आणि चौकात एकच हवालदार असेल तर तो पाच हजार लोकांतून स्पीकर उचलणार कसा? दोघांचंही खरं होतं. शेवटी ‘लेखी कारण नोंदवून’ असे शब्द घालून ‘करता येईल’ ठेवलं. ही तडजोड त्यांची होती, मी एक शब्दही सुचवला नव्हता.

बोलण्याची पद्धत पुस्तिकेने अमेरिकेतल्या शाळांकडून घेतली आहे. तिथे हायस्कूलची मुलं प्रतिनिधिगृहासारखी सभा भरवून स्वतः लिहिलेल्या विधेयकांवर वाद घालतात. त्यांची राष्ट्रीय संघटना १९२५ पासून चालू आहे. भाषण तीन मिनिटांचं आणि संपल्यावर विरोधकांनी प्रश्न विचारायचे. ज्याने आतापर्यंत कमी वेळा भाषण केलं त्याला आधी संधी. हा शेवटचा नियम मी आता सगळ्याच तासांना लावला आहे. पहिल्या बाकावरच्या चार जणांचा हात सतत वर असतो, त्यांना थांबायला लागलं आणि मागच्या दोन रांगा पहिल्यांदा ऐकू आल्या.

पण त्याच साच्यातून एक गंभीर चूक आली आहे, आणि ती सांगितल्याशिवाय ही पेटी कुणी विकत घेऊ नये असं मला वाटतं. सहापैकी पाच विधेयकांच्या शेवटी हा खंड आहे: ‘या अधिनियमाशी विसंगत असलेले इतर सर्व कायदे याद्वारे रद्द झाले आहेत.’ अमेरिकेतल्या शालेय विधेयकांत असं शेवटचं वाक्य घालण्याची रीत आहे. तिथे मुलं काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, होऊन बसतात, म्हणून ते खपून जातं. आमची मुलं महाराष्ट्राची विधानसभा होऊन बसली होती.

अल्पवयीन मुलांनी दुचाकी चालवण्याबद्दलच्या विधेयकात हे उघडं पडलं. त्यात वाहन देणाऱ्या पालकाला ५,००० रुपये दंड आहे. एका रिक्षाचालकाची मुलगी म्हणाली, “बाई, बाबा सांगतात २५,००० आहे आणि तुरुंगपण आहे.” बाबांचं बरोबर आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९९-अ आलं, त्यात पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे. वाहनाची नोंदणी १२ महिने रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. मग तिचा पुढचा प्रश्न आला: आपण ५,००० केले आणि शेवटी लिहिलं की बाकीचे कायदे रद्द, तर दिल्लीचा कायदा गेला का?

पुस्तिकेत याचं उत्तर नाही. मी संविधानाची प्रत वर्गात आणली. यांत्रिक वाहनं हा समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो असा विषय, नोंद ३५. अनुच्छेद २५४ प्रमाणे अशा विषयावर राज्याचा कायदा संसदेच्या कायद्याशी विसंगत असेल तर विसंगत भागापुरता तो निष्फळ ठरतो. राज्याने विधेयक राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून त्यांची अनुमती मिळवली असेल तरच त्या राज्यापुरता राज्याचा कायदा चालतो, आणि त्यानंतरही संसद तो बदलू शकते. मला हे ठाऊक होतं म्हणून निभावलं. नुकतीच रुजू झालेली किंवा भूगोलाची असून राज्यशास्त्राचे तास घेणारी शिक्षिका तो खंड तसाच वाचून दाखवील, आणि ४३ मुलं घरी हे शिकून जातील की मुंबईला बसून संसदेचा कायदा पुसता येतो. छापील शैक्षणिक साहित्यात हे मला अक्षम्य वाटतं. मी प्रकाशकांना सविस्तर पत्र लिहिलं आहे. अजून उत्तर आलेलं नाही. तोवर तो खंड काळ्या शाईने खोडून मगच प्रती वाटा.

दुसरी उणीव खर्चाची. एका विधेयकात प्रत्येक शाळेत समुपदेशक नेमायचा आहे, पण पैशाबद्दल एक ओळ नाही. खऱ्या विधेयकात सरकारी तिजोरीतून खर्च होणार असेल तर वित्तीय ज्ञापन, म्हणजे त्या खर्चाची माहिती देणारं टिपण, जोडावं लागतं. ते नसल्यामुळे सगळा वर्ग ‘होय’ म्हणून मोकळा झाला, वाद झालाच नाही. मी दुसऱ्या दिवशी फळ्यावर विचारलं की एका समुपदेशकाचा पगार किती धरायचा आणि राज्यात शाळा किती. तेव्हा कुठे विरोधी पक्ष जागा झाला. अध्यक्षांच्या मजकुरात दोन ठिकाणी ‘सभापती महोदय’ आलं आहे, तेही दुरुस्त करून घ्या. विधानसभेत अध्यक्ष, विधान परिषदेत सभापती.

सहावं विधेयक मात्र एकट्याने पेटीची किंमत वसूल करतं. ते गोपाळ कृष्ण गोखल्यांचं १९११ चं प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आहे, सोप्या मराठीत आणलेलं. आमच्या मुलांना गोखले म्हणजे डेक्कनवरचं एका रस्त्याचं नाव. हा फर्ग्युसनमधला माजी प्राध्यापक कलकत्त्याच्या कायदेमंडळात उभा राहून म्हणत होता की सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांना शाळा सक्तीची करण्याची मुभा स्थानिक संस्थांना द्या, हे त्यांना पहिल्यांदा कळलं. सरकारी सभासदांचं बहुमत समोर आहे आणि आपण हरणार, हे माहीत असलेल्या माणसाची भूमिका करायला मी वर्गात विचारलं. सात हात वर आले. विरोधकांच्या कार्डांवर त्या काळचे खरे आक्षेप आहेत: पैसा कुठून आणणार, लोकांची तयारी नाही, शेतावर कोण जाणार. आणि मग अर्थातच मुलींनी विचारलं, यात आम्ही कुठे आहोत? सक्ती सुरुवातीला मुलग्यांपुरती होती. सहा मुलींनी मिळून दुरुस्ती लिहिली. ‘मुलगे’ खोडून ‘बालके’ केलं आणि ती ३१ विरुद्ध ११ मतांनी मंजूर झाली. अध्यक्ष झालेल्या मुलीला मत देता आलं नाही, कारण समसमान झाल्याशिवाय अध्यक्ष मत देत नाहीत. तिला याचं फार वाईट वाटलं.

मग मी खरा निकाल सांगितला. मार्च १९१२ मध्ये ते विधेयक प्रवर समितीकडे, म्हणजे ते बारकाईने तपासणाऱ्या सभासदांच्या समितीकडे, पाठवण्याचा प्रस्ताव १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळला गेला. संविधानात २१-अ अनुच्छेद आला २००२ मध्ये आणि शिक्षण हक्काचा कायदा अमलात आला १ एप्रिल २०१० रोजी. एका मुलाने वहीच्या कोपऱ्यात वजाबाकी केली आणि ९८ लिहून त्याला गोल केला.

व्यवहाराचं थोडं. ३५ मिनिटांच्या एका तासिकेत काहीच होत नाही, मुख्याध्यापकांकडून जोडतास मागून घ्या. १२ प्रती ४३ मुलांना पुरत नाहीत, चौघांत एक येते. मी झेरॉक्स काढल्या, त्याचे वेगळे पैसे गेले. कार्डांचा कागद पातळ आहे, कडा आताच दुमडल्या आहेत. दहावीला राज्यशास्त्र १२ गुणांचं, म्हणून पालक विचारतील की याचा परीक्षेला उपयोग काय. माझ्याकडे एक आई आल्या होत्या. त्यांना मी त्यांच्या मुलाने लिहिलेला दुरुस्तीचा कागद वाचायला दिला. त्या तो घरी घेऊन गेल्या.

सध्या वर्ग स्वतःचं विधेयक लिहितो आहे, शाळेतल्या स्वच्छतागृहांबद्दल. तीन दिवस दुसऱ्या खंडावर अडकलेत. ‘स्वच्छ’ची व्याख्या ठरत नाहीये.