जनगणनेतला पूर्वज शोधून देणाऱ्याने ४६५ डॉलर घातले घशात

अमेरिकेच्या जुन्या जनगणनेत तुमचा माणूस सापडलाय असा मेसेज आला तर आधी ब्लॉक करा, मग पुढचं वाचा.

आमच्या पणजोबांचे धाकटे भाऊ बोटीने कॅलिफोर्नियाला गेले ते गेलेच, एवढंच घरात माहीत. एका ग्रुपवर विचारलं तर एक 'रिसर्चर' इनबॉक्समध्ये हजर. शोधायचे १५०, सर्टिफाइड कॉपीचे २२०, वर कसलीशी अर्काइव्ह फी ९५. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल.

पण कॉपी अस्सल वाटत होती हो! १९३० चं पान, रेसच्या कॉलमात हिंदू (तेव्हा शीख असो की मुसलमान, भारतीय दिसला की तिथे हेच लिहायचे), आल्याचं साल १९१२, नागरिकत्वापुढे 'एएल' म्हणजे परदेशीच राहिलेला. आणि गदर चळवळीतले क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे त्याच सुमारास तिकडे शिकत होते की, मग आमचा माणूस का नसेल? फक्त जन्मस्थळाच्या रकान्यात वरखाली नुसतं मेक्सिको, इटली, जपान, आणि ह्यांच्याच पुढे आमचं गाव, तालुक्यासकट! तिथे देश लिहायचे, गाव नाही. आणि मी नेमका त्या गावाच्या नावावरच भाळलो, आईला फोटो पाठवला, ती रडली. नाव, गाव, अंदाजे साल सगळं माझ्याच पोस्टमध्ये होतं, तेच मेल्याने मला विकलं.

पानाच्या वरचा ईडी नंबर (जनगणनेच्या विभागाचा क्रमांक) आणि शीट नंबर बदलायचं त्याला सुचलं नाही. त्यावरून फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर तेच पान काढलं, फुकट. त्या ओळीत मेक्सिकोचा कुणी मजूर. तुम्ही पैसे द्यायच्या आधी हे करा. आणि १८९० चं 'दुर्मीळ' पान कुणी विकत असेल तर लक्षात ठेवा, १९२१ च्या आगीपायी ती जनगणना जवळजवळ सगळी गेली.

बँक म्हणते पैसे तुम्हीच पाठवलेत, फ्रॉडमध्ये बसत नाही. पोलीस म्हणतात सिव्हिल मॅटर. सिव्हिल कसलं, सरकारी कागदात खाडाखोड करून विकतोय तो! सरकारी पोर्टलवर भलामोठा फॉर्म भरला तर एक रेफरन्स नंबर आला, बास. त्याचं काय करू, देव्हाऱ्यात ठेवू?

काल त्याचा परत मेसेज, दुसऱ्या नंबरवरून. १९६० च्या जनगणनेत त्यांची मुलं सापडलीत, १८० डॉलर पाठवा. अरे, जनगणनेची पानं ७२ वर्षं बंद ठेवायचा नियम आहे, १९५० ची २०२२ ला उघडली, १९६० ची २०३२ च्या आधी लोकांना खुली होणार नाही.