दोन पक्ष की अनेक? इंदूरमधून पाहताना

इंदूरच्या मराठी घरांत राजकारणाच्या गप्पा दोन राज्यांच्या असतात. मत इथलं, सोयरे महाराष्ट्रातले. मध्य प्रदेशात मुख्य पक्ष दोन, महाराष्ट्रात अनेक. त्यामुळे दोन्ही तऱ्हा जवळून दिसतात.

दोन पक्षांत हिशेब सोपा. सरकार कोणाचं आणि जाब कोणाला विचारायचा, हे निकालाच्या संध्याकाळीच कळतं. महाराष्ट्रात २०१९ ला निकाल २४ ऑक्टोबरला लागला. मग राष्ट्रपती राजवट, पहाटेचा शपथविधी, आणि २८ नोव्हेंबरला वेगळंच सरकार. भाजप-शिवसेना युतीला मत देणाऱ्याने हे मागितलं नव्हतं.

दोन पक्षांत सरकार स्थिर राहतं, हा दावा मात्र तपासून घ्यावा. मध्य प्रदेशात २०१८ ला २३० पैकी काँग्रेस ११४, भाजप १०९. मार्च २०२० मध्ये काँग्रेसच्या २२ आमदारांनी राजीनामे दिले आणि तिचं सरकार गेलं. आमदारकीच सोडली की सभागृहाची संख्या घटते, बहुमताचा आकडाही खाली येतो. पक्षांतरबंदी कायदा तिथे अडवू शकत नाही.

माझं पारडं अनेक पक्षांकडे झुकलं ते २०२४ च्या लोकसभेने. अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवशी, २९ एप्रिलला, इंदुरात काँग्रेसच्या उमेदवाराने माघार घेतली. पक्षाचा पर्यायी उमेदवारही उरत नाही, कारण मुख्य अर्ज छाननीत वैध ठरला की एकाच सूचकावर (उमेदवाराचं नाव सुचवणाऱ्या मतदारावर) भरलेला पर्यायी अर्ज बाद होतो. अपक्ष म्हणून टिकायला दहा सूचक लागतात. मतपत्रिकेवर नावं होती, पण लढत संपली होती. २,१८,६७४ मतदारांनी ‘नोटा’ (यांपैकी कोणीही नाही) दाबला. उमेदवारांत दुसऱ्या क्रमांकावरच्या बसपाला ५१,६५९ मतं. आणि नोटाला सगळ्यांत जास्त मतं पडली तरी निवडून येतो तो उमेदवारच! दोनच पक्ष रुजलेल्या शहरात एक माणूस उठून गेला की लाखो मतदारांची निवडच जाते. तिसरा, चौथा पक्ष वॉर्डावॉर्डांत उभा असता तर असं झालं नसतं, असं मला वाटतं.

ज्यांना लवकर निर्णय आणि एकच जबाबदार हवा, त्यांनी दोन पक्ष निवडले तर चूक म्हणणार नाही. अनेक पक्ष हवे असतील तर मात्र मोजणीची पद्धतही बदलावी लागेल. सर्वाधिक मतांचा तो विजयी, या नियमात तिसऱ्याला दिलेलं मत वाया जाण्याची भीती राहते आणि मतदार पुन्हा दोघांकडेच वळतो. जर्मनीत दोन मतं असतात, एक उमेदवाराला आणि एक पक्षाला. जागांचं प्रमाण दुसऱ्या मतावर ठरतं, आणि ५ टक्क्यांची अट असल्याने चिल्लर पक्षांची गर्दी होत नाही.