मुलीचं नाव एमा ठेवावं की एमिली?

ऐकायला सख्ख्या बहिणी वाटतात, पण दोघींची घराणी वेगळी. एमा मूळची जर्मानिक, म्हणजे जर्मन-इंग्रजी ज्या भाषाकुळातल्या, त्यातली. ‘एर्मेन’ म्हणजे संपूर्ण, सकल. त्या शब्दाने सुरू होणाऱ्या लांबलचक नावांचं हे सुटसुटीत रूप. उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मंडीची एमा १००२ मध्ये इंग्लंडच्या एथेलरेड राजाशी लग्न करून आली, तेव्हा सासरी तिचं नाव बदलून एल्फगिफू ठेवलं गेलं. (नाव बदलण्याची हौस फक्त आपल्याकडेच होती असं नाही!) एथेलरेडनंतर तिने कनूट राजाशी लग्न केलं आणि दोनदा इंग्लंडची राणी झाली. पुढे १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि त्यांच्याबरोबर एमा हे नाव तिथे रुळलं.

एमिली रोमची. ‘एमिलिअस’ या जुन्या रोमन कुळाच्या नावावरून आलेली. त्या नावाचा संबंध ‘प्रतिस्पर्धी’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दाशी जोडतात. इंग्रजीत ती अठराव्या शतकात फोफावली. गंमत म्हणजे ब्रिटनचा राजा दुसरा जॉर्ज याच्या अमेलिया या मुलीलाही घरी एमिलीच म्हणत, आणि अमेलियाचं मूळ तिसरंच!

अमेरिकेत १९९६ ते २००७ सलग एमिली मुलींच्या नावांत पहिली होती. २००८ मध्ये तिला मागे टाकलं ते एमानेच. २०१४ ते २०१८ पुन्हा एमाच पहिली.

अर्थ पाहून निवडायचं तर माझं मत एमाला. मुलीला जन्मतःच कुणाची प्रतिस्पर्धी कशाला ठरवायचं? कानाला मात्र एमिली जास्त गोड लागते.