'बारक्या टाकीत बारकंच राहतंय' म्हणून गळ्यात मारलेलं कासव

कोल्हापुरात मुलांसाठी कासवाचं पिल्लू घ्यायचं चाललं असेल तर पैसे द्यायच्या आधी हे वाचा. हिरव्यागार पाठीचं, डोळ्यांमागं लाल पट्टा असलेलं, नाण्याहून थोडं मोठं पिल्लू आम्हाला एका मत्स्यालयवाल्यानं धडधडीत खोटं सांगून विकलं.

आमचा फ्लॅट लहान. टीव्हीशेजारी दीड फुटी टाकी बसेल एवढीच जागा. कायम तेवढ्यातच मावेल असा प्राणी दाखवा, असं आम्ही स्वच्छ सांगितलं होतं. "वहिनी, काय काळजी करू नका. टाकी बारकी असली की ते पण बारकंच राहतंय. खिडकीत ठेवा, ऊन मिळतंय," असं म्हणत त्यानं टाकी, प्लास्टिकचं नारळाचं झाड असलेलं बेट आणि सुक्या कोळंबीचा डबा बांधून दिला.

हे रेड-इअर्ड स्लायडर, मूळचं अमेरिकेतलं. मादीची पाठ 25 ते 30 सेंटीमीटर होते आणि नीट सांभाळलं तर ते वीस-तीस वर्षं जगतं. टाकी लहान म्हणून ते लहान राहत नाही, खुरटतं आणि आजारी पडतं. पाठीच्या दर इंचामागं सुमारे 40 लिटर पाणी, असा पाळणाऱ्यांचा ढोबळ हिशेब असतो. आमच्या टाकीत सगळं मिळून 25 लिटर मावत नव्हतं.

काही महिन्यांत त्यानं खाणं सोडलं. पापण्या सुजून पांढऱ्या झाल्या, डोळे उघडेनात. पाठीची कड बोटानं हलकेच दाबली तरी आत जायची. दुकानात फोन केला तर म्हणे, "थंडीचं झोपलंय." जनावरांच्या डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं: नुसत्या सुक्या कोळंबीमुळं अ जीवनसत्त्व कमी पडलंय म्हणून डोळे असे झालेत, आणि कॅल्शियम व उन्हातले यूव्हीबी (अतिनील) किरण मिळत नाहीत म्हणून कवच मऊ पडलंय. खिडकीतल्या उन्हाचा उपयोग नाही, कारण हे किरण काचच अडवते. थेट ऊन किंवा यूव्हीबी दिवा, अंग कोरडं करून शेकायला जागा, पाण्याला फिल्टर, खाण्यात हिरवा पाला, हे सगळं लागतं. यातलं एक अक्षर दुकानदारानं सांगितलं नव्हतं. लहान मुलं पिल्लं हाताळतात, तोंडाजवळ नेतात आणि साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूची लागण होते, म्हणून अमेरिकेत चार इंचांहून लहान कासवं पाळायला विकण्यावर 1975 पासून बंदी आहे. आपल्याकडं नेमकं तेच माप पोरांच्या हातात देतात.

परत न्यायला गेले तर उत्तर काय, "रंकाळ्यात सोडा की, जगतंय तिथं." फसवणुकीपेक्षा मला या वाक्याचा संताप आला. जगातल्या 100 सर्वांत घातक परक्या प्रजातींच्या यादीत हे कासव आहे. आपल्या देशी कासवांचं खाणं आणि उन्हाला बसायच्या जागा ते बळकावतं. रंकाळा असो, कळंबा असो की पंचगंगा, कृपा करून कुठंही सोडू नका.

वर त्यानं हळू आवाजात स्टार कासव (पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं, जमिनीवर राहणारं) देऊ केलं, "त्याला पाणीच लागत नाही." ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. विकणाऱ्यालाच नाही, बाळगणाऱ्यालाही तीन ते सात वर्षांचा तुरुंग होऊ शकतो. तिथलीच हिरव्या इग्वानाची, म्हणजे मोठ्या परदेशी सरड्याची, पिल्लंही 'लहानच राहतात' म्हणून खपवली जातात. तो प्राणी शेपटीसकट पाच फुटांवर जातो, आणि 2024 च्या नियमांनुसार त्याची केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंद करावी लागते.

आमचं कासव आता गच्चीवरच्या मोठ्या टबात आहे, डोळे उघडलेत, खातंय. दुकानदारावर मात्र काही करता आलं नाही. बिलावर 'टाकी सेट' एवढंच लिहिलंय, कासवाचा उल्लेखच नाही, मग ग्राहक आयोगापुढं दाखवणार काय? तुम्ही घेणार असाल तर प्राण्याची जात आणि पूर्ण वाढ झाल्यावरचं माप बिलावर लिहून मागा. लिहून देत नसेल तर तिथून काहीही न घेता बाहेर पडा.