बूटीवाला बेली सूट: बरेच महिने वापरल्यावर, आणि मुख्यतः त्या पट्ट्याबद्दल

स्कायडायव्हिंगमध्ये पोटावर पालथं पडत येताना घालायचा तो बेली सूट, आणि त्याचा बुटावर ओढलेला कापडाचा भाग ती बूटी. कापड, शिवण, ग्रिपर (एकमेकांना धरायला सूटवर शिवलेल्या मुठी), माप, या सगळ्याला माझ्याकडून पैकीच्या पैकी. बुटाच्या तळव्याखालून जाणाऱ्या इलॅस्टिकच्या पट्ट्याला शून्य. गेल्या शनिवारी डाव्या पायाचा पट्टा परत ढिला पडला, विंड टनेलमधला (खालून वर वारा सोडणारा उभा बोगदा, त्यात विमानाशिवाय उडता येतं) विकत घेतलेला अर्धा वेळ पाण्यात गेला, म्हणून इतके महिने लांबणीवर टाकलेलं हे लिहायला आज बसले. पाचशे डॉलरच्या आसपासच्या सूटमध्ये दोन डॉलरचा तुकडा सगळ्यात कच्चा निघावा, याचा मला मनापासून राग येतो. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार अजून मिटलेली नाही.

मी अमेरिकेत, एरिझोनातल्या चँडलरला राहते. उड्या मारायचं ठिकाण, म्हणजे ड्रॉप झोन, ईलॉयला, तासाभराच्या आत. ड्रॉप झोनला लागूनच टनेल आहे, त्यामुळे सकाळी टनेल आणि मग उड्या असा शनिवार लावता येतो. एरिझोना एअरस्पीड ही स्कायडायव्हिंगची टीम इथलीच. त्यांचा सराव काचेबाहेर उभं राहून बघितला की आपल्या पायांना काय काय येत नाही ते नीट कळतं. उन्हाळ्यात इथे चाळीस अंशांच्या वर पारा जातो, रिग (पॅराशूटची पाठपिशवी) आणि सूट चढवून विमानाची वाट बघणं नको होतं, तेव्हा टनेलचाच आधार. म्हणजे सूटला दोन्हीकडे राबावं लागतं, आणि माझ्या मते बूटीची खरी परीक्षा आकाशात होतच नाही, टनेलमध्ये होते.

मी वजनाला हलकी. भाड्याचा ढगळ सूट घालून फोर-वे (चौघांनी हवेत एकमेकांना धरून रचना करणं) करायला गेले की बाकीचे तिघे खाली आणि मी वर तरंगत. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे पडण्याचा वेग दहा टक्क्यांनी वाढवायचा तर वजन आणि अंगाचं क्षेत्रफळ यांचं गुणोत्तर एकवीस टक्क्यांनी वाढायला हवं. त्यातलं काही शिशाच्या वेट बेल्टनं साधतं, बाकीचं कापड कमी करून. एकटीनं टनेलमध्ये उडताना ही अडचण लक्षातच येत नाही, कारण बाहेर कंट्रोलवर बसलेला माणूस वारा तुमच्या अंगाच्या मापाने सोडतो. टनेलमध्ये छान जमलं, आकाशात का नाही, असं विचारणाऱ्या हलक्या मुलींना मी पहिलं हेच सांगते: जड माणसासोबत टनेलचा एकत्र वेळ घ्या, वारा त्याच्या मापाने लावायला सांगा, मग बघा.

माप आईनं घेतलं. ती तेव्हा सांगलीहून आलेली. वीसच्या वर मापांचा फॉर्म, त्यातलं प्रत्येक माप तिनं दोनदा घेतलं आणि ‘शिवणीत माया सोडायला सांग गं त्यांना’ असं बजावलं. सूट किती घट्ट हवा ते ऐकल्यावर म्हणाली, ‘शीतल महाजननं नऊवारी नेसून मारली की उडी. तुला एवढं आवळून कशाला?’ 2018 मध्ये थायलंडला त्यांनी मारलेल्या उडीचा फोटो तिनं पेपरात पाहिलेला. मी म्हटलं, ‘आई, मला बाकी तिघांच्या बरोबरीनं पडायचंय, मागे राहायचं नाहीये.’ ते तिला पटलं. सूट अडीच महिन्यांनी आला आणि पहिल्याच दिवशी अंगाला असा बसला की खांद्यात, काखेत, मांडीत कुठेही ओढ नाही. मनगटाची बाही अल्टिमीटरखाली (उंची दाखवणारं मनगटावरचं घड्याळ) जाडी करत नाही, आणि कमरेमागे पायलट शूटच्या (मुख्य पॅराशूट बाहेर ओढणारी छोटी छत्री) हँडलवर कापड येत नाही. हे दुसरं तर सगळ्यात आधी तपासावं, सुरेख दिसण्याच्या कितीतरी आधी.

पहिल्या काही आठवड्यांनंतर मला कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, नवशिक्यांनी बूटी घेऊ नये. पायाचा अंगठा जरा ताणला तरी मी समोरच्या काचेकडे निघायची. उजवा-डावा पाय कणभर कमीजास्त झाला की वळायची. भाड्याच्या सूटमध्ये खपून जाणारं सगळं इथे उघडं पडत होतं. ते मत आता पूर्ण बदललंय. माझी जुनी खोड मागे सरकण्याची: गुडघे जास्त दुमडलेले, पोटऱ्यांवर वारा कमी, हातांवर जास्त, की शरीर मागे जातं. कोच समोरून दोन बोटं सरळ करून ‘पाय लांब’ म्हणून खुणा करायचा, मी पाय लांब केलेत असंच मला वाटायचं. बूटीमुळे पोटरीवरचं कापड एवढं वाढतं की पाय खरंच लांब केला की त्याच क्षणी पुढे ढकललं गेल्यासारखं जाणवतं. शरीराला उत्तर ताबडतोब मिळतं, आणि टनेलमध्ये ते दर काही सेकंदांनी मिळत राहतं. तेरा हजार फुटांवरून उडी मारली तर फ्रीफॉल मिनिटभराचा. दहा मिनिटांचा टनेल म्हणजे दहा उड्यांइतका वेळ, तोही विमान, पॅकिंग, वाऱ्याची वाट हे काही न करता. मागे सरकणं एका मोसमात गेलं. आता माझं मत असं की बेसिक पोझिशन जमली, जागच्या जागी थांबता आलं की लगेच बूटी घ्या, परवाना हातात पडून दोनशे उड्या होईपर्यंत थांबू नका.

आणि याच कारणासाठी तो पट्टा मला सहन होत नाही.

बूटी म्हणजे पोटरीपासून बुटावर ओढलेला कापडाचा पडदा. तो ताणून धरण्याचं काम फक्त तळव्याखालचा पट्टा करतो. पट्टा ढिला झाला की कापड वर सरकतं, सुरकुततं, आणि चेन उतरलेल्या सायकलचं पेडल मारावं तसा पाय नुसता हलत राहतो. दोन्ही पट्टे सारखे ढिले झाले असते तरी परवडलं असतं. माझा डावा आधी गेला. म्हणजे उजवा पाय पुढे ढकलतोय, डावा नाही, आणि शरीर संथपणे डावीकडे वळतंय. कोच डाव्या पायाची खूण करतो, मी डावा पाय आणखी ताणते, मांडीत गोळे येईपर्यंत ताणते, तरी वळण काही जात नाही. आकाशात हे कधी जाणवलंच नव्हतं. तिथे सगळेच थोडे थोडे सरकत असतात, हातात ग्रिप असतात, मिनिट संपून जातं. टनेलमध्ये समोर काच आहे आणि काचेपलीकडचा बाक हलत नाही. शेवटी व्हिडिओ सावकाश चालवून बघितला तेव्हा दिसलं: उजवी बूटी ताठ, डावी बूटी टाचेवर फडफडतेय. मिनिटाला पंधरा-सोळा डॉलर, वर कोचचे वेगळे, हे सगळं एका इलॅस्टिकपायी.

कंपनीला लिहिलं. उत्तर आलं की इलॅस्टिक हा झिजणारा भाग आहे, वॉरंटीत बसत नाही, सूट स्वखर्चाने पाठवल्यास बदलून देऊ. झिजणारा भाग आहे हे मला मान्य. मग तो ग्राहकाला घरी बदलता येईल असा का लावत नाही? तो बूटीच्या दोन थरांमध्ये घालून चारपदरी टाके मारून शिवलाय, उसवायचा तर आतलं अस्तरही उसवावं लागतं. हाच प्रश्न मी त्यांना वेगवेगळ्या शब्दांत विचारत राहिले. बऱ्याच मेलांनंतर पाकिटातून इलॅस्टिकचे दोन तुकडे आले, सोबत चिठ्ठीही नाही. ते मी शिवून घेतले, आणि त्यातलाच डावा गेल्या शनिवारी गेला.

आता ड्रॉप झोनवरच्या रिगरकडून (पॅराशूटची देखभाल-दुरुस्ती करणारा) काम करून घेतलंय. त्यानं जुना पट्टा उसवून मला हातात दिला. वरून बघितला तर धडधाकट: विणकाम शाबूत, कडा शाबूत. मधोमध उभा ताणून उजेडासमोर धरला तेव्हा आतले रबराचे धागे तुटून वळलेले दिसले, नेमके जिथे बुटाची कमान संपते तिथे. टनेलच्या जाळीच्या पोलादी तारा, दारातला उंबरा, उतरल्यावर इथली वाळू आणि खडी, आणि वरून हे ऊन, सगळा मार तेवढ्या दोन बोटं जागेवर. त्याजागी त्यानं नायलॉनची पट्टी लावली. आतल्या घोट्याकडे पक्की शिवलेली, बाहेरच्या घोट्याकडे ओढून घट्ट करायचं बकल, आणि उरलेलं शेपूट खोचायला छोटा फासा. शेपूट मोकळं राहता कामा नये असं त्यानं दोनदा सांगितलं, कारण ट्विन ऑटर विमानाच्या दाराबाहेर उभं राहून निघताना पायाशी काहीही लोंबणं धोक्याचं. नायलॉन ताणत नाही, त्यामुळे उकिडवं बसलं की घोट्याला काचतं. मला चालेल. उतरल्यावर मी आता बकल सोडून बूटी पोटरीवर दुमडते आणि मगच चालायला लागते. इलॅस्टिकला हे करताच येत नव्हतं.

बाकीचं थोडक्यात. झिप उत्तम, अजून अडकली नाही. गुडघ्यांवरचं कॉर्ड्युराचं जाड कापड जाळीवर घासून पांढुरकं झालंय, फाटलेलं नाही. ग्रिपर आत भरीव आणि पकडायला नेमके. फोर-वे स्पर्धेतल्या फेरीच्या 35 सेकंदांत पकड चाचपडायला वेळ नसतो, आणि इनडोअर स्पर्धेतही वेळ तेवढाच. सोळा रँडम (एकेकटी रचना) आणि बावीस ब्लॉक (ठरलेल्या हालचालीने जोडलेल्या दोन रचना) पाठ करणं एकवेळ सोपं, पण ब्लॉकमध्ये वळून आल्यावर हात जिथे जाईल तिथेच समोरच्याचा ग्रिपर सापडणं हे चांगल्या सूटचं काम, आणि ते हा करतो. ब्रेक-ऑफनंतर (पॅराशूट उघडण्याआधी एकमेकांपासून सुटल्यावर) ट्रॅक करताना, म्हणजे आडवं सरकत लांब जाताना, बूटीचा फायदा भरपूर आहे, मात्र तो टनेलमध्ये शिकता येत नाही, भिंती मध्ये येतात. उंचीचं भानही टनेलमध्ये मिळत नाही. टनेलमध्ये बरेच तास घालवून आलेल्यांनी आकाशात पहिल्या काही उड्यांना मनगटाकडे जास्त वेळा बघावं, असं मला कळकळीने सांगावंसं वाटतं.

पुण्या-मुंबईहून दोघी-तिघींनी विचारलंय, भारतात राहून असा सूट घ्यावा का. हैदराबादला टनेल सुरू झालंय, नारनौलला उड्या मारता येतात. वर्षातून एकदा जाणार असाल तर तिथला सूट वापरा, ते पैसे कोचला द्या. नेमाने जाणार असाल तर घ्या, पण ऑर्डर देण्याआधी शिवणाऱ्याला लेखी विचारा की तळव्याचा पट्टा कशाचा आहे आणि तो अस्तर न उसवता बदलता येतो का. उत्तर ‘नाही’ आलं तर फॉर्मच्या शेरा रकान्यात नायलॉनची पट्टी आणि बाहेरच्या घोट्याला बकल असं स्पष्ट लिहा, दोन्ही पायांना.