रेडिएटर फॅनच्या नावाखाली साडेपंधरा हजार : नागपुरातल्या जुन्या गाडीवाल्यांनी वाचावं असं

नवतपात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत, गाडी गरम व्हायला लागली आणि रिंग रोडवरच्या एका गॅरेजनं आमच्याकडून 15,500 रुपये घेतले. नवी म्हणून बसवलेली फॅनची मोटर आमचीच जुनी निघाली. दुरुस्त केलं म्हणून सांगितलेल्या ईसीएमला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, कुणाचा हातही लागला नव्हता. खरा दोष होता बॉडीला कसलेल्या एका अर्थिंगच्या वायरीत, आणि तो काढायला पाचशेच्या आत खर्च आला. गॅरेजचं नाव घेत नाही, कारण तक्रार सुरू आहे. पण त्यांनी जे केलं ते कसं केलं, हे मात्र सविस्तर सांगतो. ज्यांच्याकडे दहा-पंधरा वर्षं जुनी गाडी आहे त्यांच्या बाबतीत हे जसंच्या तसं होऊ शकतं.

गाडी 2007 ची, छोटी, पेट्रोलवरची. माझी नोकरी बुटीबोरीला. वर्धा रोडनं येताना टेम्परेचरचा काटा मधोमध स्थिर, एसी गारेगार. अजनी चौक मागे पडला आणि सीताबर्डीच्या सिग्नलांची रांग लागली की काटा वर सरकायचा आणि एसीतून कोमट हवा यायची. पुन्हा मोकळा रस्ता मिळाला की सगळं ठीक. जाणकाराला एवढं लक्षण पुरेसं आहे. गाडी वेगात असते तेव्हा समोरून येणारा वाराच रेडिएटर थंड करतो, फॅनची गरज पडत नाही. उभ्या गाडीत मात्र सगळी भिस्त फॅनवर. म्हणून जी गाडी फक्त ट्रॅफिकमध्ये गरम होते तिचा फॅन आधी पाहायचा. हायवेवर गरम होत असेल तर रेडिएटर चोंदलाय का, थर्मोस्टॅट, वॉटर पंप, हेड गॅसकेट याकडे वळायचं. मी गॅरेजमध्ये हे सगळं नीट सांगितलं होतं. तिथल्या मुख्य मिस्त्रीनं मान डोलावली आणि बोनेट उघडलं.

त्यानं जे केलं ते दिसायला अगदी शास्त्रशुद्ध होतं. फॅनचं कपलर (वायरी जोडणारा प्लग) काढलं, टेस्ट बल्बचा चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हला लावला, टोक कपलरच्या लाल वायरीत खुपसलं आणि पोराला एसी ऑन करायला सांगितलं. बल्ब लख्ख पेटला. "पाहा भाऊ, करंट येऊन राहिला. मंग मोटरच गेली तुमची." समोर बल्ब पेटलेला दिसतोय, कुणाचाही विश्वास बसेल. मोटरचे 3,900 ठरले. जुनी मोटर मागितली तर म्हणाला, भंगारवाला घेऊन गेला.

संध्याकाळी फोन आला. नवी मोटर बसवली, पण फिरत नाही. "मोटर जाता जाता ईसीएम घेऊन गेली भाऊ. नवं घ्याल तर तीस-पस्तीस हजार, रिपेअर करून देतो अकरामध्ये." घरात उन्हाळी सुट्टीला आलेली बहीण, तिची लहान मुलं, आईची मेडिकल हॉस्पिटलची तारीख जवळ आलेली, बाहेर 45 अंश. अशा वेळी माणूस भाव करत नाही, गाडी कधी मिळेल एवढंच विचारतो. त्या धंद्यात मुरलेल्या लोकांना हे पक्कं ठाऊक असतं आणि याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. मजुरीचे 600 धरून 15,500 झाले. पैसे यूपीआयनं दिले. पक्कं बिल मागितलं तर "मशीन बंद आहे, नंतर पाठवतो." ते बिल कधीच आलं नाही. गाडी मिळाली तेव्हा फॅन मात्र जोरात फिरत होता.

तो इतका फिरत होता की तिथंच संशय यायला लागला. सकाळी इंजिन गार असताना, चावी नुसती ऑन केली तरी फॅन सुरू. इंजिनाचं पाणी साधारण 95 अंशांच्या आसपास गेल्यावर किंवा एसी लावल्यावर फॅनला हुकूम मिळतो, गार इंजिनाला तो लागतच नाही. गॅरेजला विचारलं तर "ईसीएम रिपेअर झालं की तसंच चालते." पुढं एकदा बोनेटमधून प्लॅस्टिक जळाल्याचा वास आला, तेव्हा ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं सक्करदऱ्याकडच्या एका वयस्कर वायरमनचा पत्ता दिला. सगळे त्यांना काकाच म्हणतात. त्यांच्याकडे स्कॅनर वगैरे काही नाही. एक मल्टिमीटर, एक वायरीचा गुंडाळा आणि मोडकं स्टूल.

काकांनी आधी फक्त पाहिलं. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून एक नवी लाल वायर निघून स्वस्तातल्या रिलेमधून (छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा खटका) थेट मोटरला गेली होती. रिलेला चावीची लाइन दिलेली, म्हणजे चावी ऑन की फॅन ऑन. मोटरची काळी वायरही कापून नव्या वायरीनं सरळ बॅटरीच्या निगेटिव्हला नेलेली. मध्ये फ्यूज नाही. दहा-बारा अँपिअर ओढणारी मोटर, बारीक वायर, त्यावर रेडिएटरची धग. वायरीचं वरचं आवरण एका ठिकाणी वितळून पाइपाला चिकटलं होतं. ती वायर तिथं बॉडीला टेकली असती तर बोनेटखाली आग लागायला वेळ लागला नसता, आणि मागच्या सीटवर मुलं बसलेली असायची. गॅरेजच्या भाषेत याला 'डायरेक्ट करणं' म्हणतात. वाटेत अडकलेल्या गाडीला घरापर्यंत न्यायला ते चालतं. दुरुस्ती म्हणून त्याचे पैसे घेणं हा दरोडा आहे.

मग त्यांनी डॅशबोर्डखालचं ईसीएम दाखवलं. त्याच्या कपलरच्या खटक्यावर, पट्टीवर, स्क्रूच्या खाचांत वर्षानुवर्षांची मऊ धूळ सारख्या थरानं बसलेली होती. एका कोपऱ्यात कोळ्याचं जाळं स्क्रूपासून वायरीपर्यंत ताणलेलं. "ह्याले कोणी खोललंच नाही," काका म्हणाले. मी लगेच फोटो काढले. मोटरवर ताजा काळा स्प्रे होता, पण तो मारताना वायरी झाकायचे कष्टसुद्धा घेतले नव्हते. कपलरच्या मागे, पूर्वी एकदा एसीचा गॅस भरणाऱ्यानं गुंडाळलेली हिरवी टेप होती, तीच, तिच्या निम्म्या भागावर काळ्या रंगाचे शिंतोडे. नखानं खरवडलं तसा खालचा जुना गंज दिसला. आमचीच मोटर पुसून, रंगवून आम्हाला 3,900 ला विकली होती.

खरा दोष शोधायला काकांना फार वेळ लागला नाही, आणि हा भाग मी मुद्दाम बारकाईनं लिहितोय. आधी डायरेक्टची वायरिंग काढून मूळ जोडणी परत केली. चावी ऑन, इंजिन बंद. पाण्याच्या टेम्परेचर सेन्सरचं कपलर काढलं. बऱ्याच गाड्यांत सेन्सरचा सिग्नल तुटला की ईसीएम सावधगिरी म्हणून फॅन सुरू करायचा हुकूम देतं. मूळ रिले 'टक्' वाजला. म्हणजे ईसीएम जिवंत आहे, हुकूम देतंय, रिलेची कॉइल ओढतेय. त्या एका आवाजानं अकरा हजारांचं खोटं उघडं पडलं. पण फॅन हलला नाही.

आता मीटर 20 व्होल्ट डीसीवर. मोटरचं कपलर जोडलेलंच ठेवून मागून टोकं लावली, काळं टोक कायम बॅटरीच्या निगेटिव्हवर. बॅटरीवर 12.4. मोटरच्या लाल वायरीवर 12.1, म्हणजे फ्यूज आणि रिले उत्तम. मग मोटरच्या काळ्या वायरीवर टोक ठेवलं. तिथं शून्याच्या जवळ आकडा हवा, मीटरनं 11.3 दाखवले. करंट मोटरमध्ये शिरतोय पण परत जायला वाट नाही. काकांनी एक जाड वायर काळ्या वायरीपासून बॅटरीच्या निगेटिव्हला टेकवली आणि फॅन धाडकन फिरला. रेडिएटरच्या पट्टीजवळ बॉडीला कसलेला अर्थिंगचा लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) काढून दाखवला तर खाली हिरवट-पांढरी पूड. नागपूरचा पावसाळा आणि गाडी धुताना मारलेलं प्रेशरचं पाणी, दोन्ही तिथंच साचत आले होते. बॉडी घासली, नवा लग दाबून बसवला, ग्रीस लावलं. फॅन चालू असताना काळ्या वायरीवर 0.08 व्होल्ट. 0.2 पर्यंत ठीक समजतात, अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं की जोडात दोष आहे.

टेस्ट बल्बनं मग खोटं सांगितलं का? काकांनी विचारलं, "बल्बले करंट लागते किती अन् फॅनले लागते किती?" छोटा बल्ब अर्धा अँपिअरसुद्धा घेत नाही, म्हणून गंजलेल्या, एक-दोन तार शिल्लक असलेल्या वायरीतूनही तो लख्ख पेटतो. फॅनला तीच वायर पुरत नाही. शिवाय त्या मिस्त्रीनं बल्बचा चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हला लावला होता. म्हणजे तपासणी फक्त येणाऱ्या करंटची झाली, परतीची वाट तपासलीच नाही. मोटर गेली की नाही हे ठरवायची सोपी रीत आहे: तिचं कपलर काढून बॅटरीवरून दोन जाड, फ्यूज लावलेल्या वायरींनी तिला थेट करंट द्यायचा. फिरली तर मोटर चांगली, दोष मागे कुठंतरी. नाही फिरली, पण हातोडीच्या दांड्यानं हलकं ठोकल्यावर फिरली, तर मोटरच्या आतले कार्बन ब्रश झिजलेत आणि ते बदलून मिळतात. हे सगळं तुमच्यासमोर पंधरा मिनिटांत होतं, आणि कुणी करायला कांकू करत असेल तर तिथून गाडी काढा. एक काळजी मात्र घ्या: काही गाड्यांत चावी बंद असतानाही फॅन अचानक सुरू होतो, तेव्हा पात्यांजवळ हात नको, आणि गरम रेडिएटरचं झाकण तर उघडायचंच नाही.

फोटो घेऊन मी त्या गॅरेजवर गेलो. उत्तर मिळालं, "फॅन फिरत होता ना? मंग?" हिरव्या टेपचा फोटो दाखवल्यावर मोटरचे 3,900 परत आले, तेही मान खाली घालून पोराकडून यूपीआयनं. अकरा हजारांवर मात्र "ईसीएमचं काम बाहेरून केलं, त्याले विचारा." कुणाला, ते सांगितलं नाही.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. तिथून तोडगा निघाला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायचं ठरवलंय. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे बिल न देणं हीसुद्धा अनुचित व्यापार प्रथा धरली जाते, त्यामुळे बिल नाही म्हणून केस नाही असं कुणी घाबरवलं तर ऐकू नका. तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे, पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क लागत नाही आणि वकील करायलाच हवा असंही नाही. माझ्याकडे यूपीआयच्या नोंदी, धुळीनं भरलेल्या ईसीएमचे फोटो, वितळलेल्या वायरीचा तुकडा आणि काकांनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिलेले मीटरचे आकडे आहेत.

तुमची गाडी आत्ता कुठल्या गॅरेजमध्ये उभी असेल आणि मोटर किंवा ईसीएम गेल्याचा फोन आला असेल, तर काम सुरू करायच्या आधी जुन्या पार्टवर मार्करनं सही करून या, निघालेला पार्ट स्वतःच्या ताब्यात घ्या आणि मोटरच्या काळ्या वायरीवर किती व्होल्ट येतात ते तुमच्यासमोर मोजायला लावा.